धान्यकोठी ते सिद्धगड : भाई कोतवाल

माथेरान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात लाल मातीचे रस्ते, घोडे, माकडं, चिक्की आणि नेरळहून वळणं घेत चढणारी छोटी गाडी. फर्स्ट इयरची प्रत्येक बॅच एकदा तरी तिथे जाते, पॉइंटवर फोटो काढते आणि संध्याकाळच्या लोकलने परत येते. पण याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात एक मुलगा जन्मला, शिकून वकील झाला आणि वयाच्या तिसाव्या वर्षी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीने गेला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे त्यांचं नाव. कर्जत, नेरळ, खालापूर, मुरबाड या सगळ्या पट्ट्यात ते भाई कोतवाल म्हणूनच ओळखले जातात. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही येऊन गेला.

मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझं गाव बीड जिल्ह्यात, त्यामुळे इथे येईपर्यंत हे नाव माझ्या कानावर आलेलं नव्हतं. ते पहिल्यांदा ऐकलं पॉवर सिस्टिमच्या तासाला. ट्रान्समिशन लाइनचे टॉवर शिकवता शिकवता सर सहज सांगून गेले की याच भागातले असे मनोरे १९४२ साली एका वकिलाने आणि त्याच्या शेतकरी साथीदारांनी पाडले होते. त्यानंतर मिळेल ते वाचलं, कशेळे आणि नेरळकडच्या मित्रांच्या आजोबांना गाठून विचारलं. आणि मग एक प्रश्न डोक्यातून जाईना. सरकारी कागदावर हा माणूस गुन्हेगार होता, त्याच्यावर बक्षीस लावलेलं होतं. ज्या घरांनी त्याला भाकरी दिली तीही कायद्याने गुन्हेगारच. मग इतकी साधी, पापभीरू माणसं एका वर्षात गुन्हेगार कशी झाली? की गुन्हा हा शब्दच आपण फार सैल वापरतो?

मित्रांनो, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये आपण सगळे एक प्रयोग करतो. सळई मशीनला लावायची, भार वाढवत जायचं. आधी ती ताणली जाते आणि भार काढला की परत मूळ लांबीला येते. एका मर्यादेनंतर मात्र परत येत नाही. पुढे ती बारीक होते आणि तुटते. तुटली तर आपण सळईला दोष देत नाही, भार किती होता ते बघतो. माणसाच्या बाबतीत नेमकं उलट करतो. तुटलेला माणूस लगेच दिसतो, त्याच्यावरचा भार कोणी मोजत नाही. भाई कोतवालांचं आयुष्य मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. त्यांनी आधी भार मोजला होता.

माथेरानची रचनाच अशी की लहानपणापासून दोन जगं दिसावीत. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० साली या डोंगरावर आला आणि पुढे इंग्रज अधिकाऱ्यांचे, पारशी आणि गुजराती धनिकांचे बंगले उभे राहिले. १९०७ साली नेरळहून रेल्वे आली. वर हवा खायला येणारे लोक, आणि त्यांचं सामान वाहणारे, रिक्षा ओढणारे, हजामत करणारे, पाणी भरणारे लोक. डोंगराखाली ठाकर, कातकरी, आगरी, कुणबी यांची गावं आणि वाड्या. कोतवालांचं घर या दोहोंच्या मधलं. मुलगा हुशार म्हणून पुण्याला नातेवाइकांकडे शिकायला गेला, पुढे कायद्याची पदवी घेतली. त्या काळात नाभिक समाजातला मुलगा वकील होणं ही केवढी गोष्ट होती ते सांगायला नको. मुंबईत काळा कोट घालून आरामात आयुष्य काढता आलं असतं. पण ते परत आपल्या डोंगराकडे आले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि खालच्या गावांतून हिंडू लागले.

काय दिसलं त्यांना? इथली शेती म्हणजे पावसावरचं एकच भाताचं पीक. दिवाळीच्या सुमाराला भात घरात येतं. त्यातून सावकाराचं देणं, जमीनमालकाचा खंड फेडला की उरलेलं धान्य उन्हाळ्यापर्यंत कसंबसं पुरतं. आषाढ-श्रावणात, म्हणजे लावणीचं सगळ्यात कष्टाचं काम असतं तेव्हा कणगी रिकामी. मग सावकाराकडून खावटी आणायची. खावटी म्हणजे खाण्यासाठी घेतलेलं उसनं धान्य. पीक आलं की ते दिढीने, म्हणजे एका मणाला दीड मण असं परत करायचं. चार महिन्यांत दीडपट! आपल्याकडे कॅल्क्युलेटर आहे, वर्षाचा दर काढून बघा. आणि दीड मण दिल्यावर पुढच्या आषाढात कणगी अजून लवकर रिकामी होते, मग आणखी मोठी खावटी. फेडता आलं नाही तर सावकाराच्या शेतावर राबायचं, जमीन असेल तर ती लिहून द्यायची. शेजारच्या ठाण्यासह मुंबई इलाख्याच्या काही भागांतल्या आदिवासींच्या अशाच हालांवर सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने १९३९ मध्ये अहवाल दिला होता. म्हणजे सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही.

जंगलाचीही तीच कथा. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. डोंगरउतारावर दळी करून नाचणी-वरी पिकवायची, कोळसा पाडायचा, मोळी विकायची, यावर घर चालायचं. १८७८ च्या जंगल कायद्याने हे सगळं राखीव झालं. काल जे काम होतं ते आज चोरी झालं. माणूस तोच, कुऱ्हाड तीच, झाडही तेच, पण आता फॉरेस्ट गार्ड पावती फाडणार किंवा कोंबडी मागणार. या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, हा राग दोनदा मोठ्याने बाहेर आला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. १९३३ पासून अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं, आणि तो संप कित्येक वर्षं चालला. भाई तेव्हा विशीतले होते. हे सगळं आपल्याच जिल्ह्यात घडत होतं.

आता जरा लांबचं सांगतो. चरीचा संप चालू होता त्याच काळात, १९३८ मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट मर्टन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. गुन्हा माणसाच्या रक्तात असतो असं मानणाऱ्यांना त्याने उत्तर दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो, पण तिथे पोचायचे सरळ रस्ते सगळ्यांना सारखे देत नाही. या फटीतून ताण तयार होतो आणि माणसं पाच तऱ्हांनी वागतात. होस्टेलच्या भाषेत सांगायचं तर, केटी सुटावी हे सगळ्यांचं ध्येय. पहिला रात्रभर जागून अभ्यास करतो. दुसऱ्याला पास व्हायचंय, पण तो मोज्यात चिठ्ठ्या घालून येतो. मर्टनने बहुतेक गुन्हे या खणात टाकले. तिसऱ्याने पास होण्याची आशा सोडलीय, पण फाइल, अटेंडन्स, सबमिशन मात्र वेळेवर. चौथ्याने दोन्ही सोडलंय, तो दुपारी तीनलाही पांघरुणात असतो. पाचवा म्हणतो की ही परीक्षाच चुकीची आहे, दुसरी आणा. तो बंडखोर. पुढे १९९२ मध्ये रॉबर्ट ॲग्न्यू या अभ्यासकाने यात भर घातली. नुसतं ध्येय न मिळणंच नव्हे, हातात होतं ते हिरावलं जाणं आणि रोजचा अपमान, छळ यांचाही ताण असतो, आणि त्यातून येणारा राग माणसाला गुन्ह्याकडे ढकलू शकतो. आपल्या कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्यावर हे तिन्ही भार एकदम होते. पीक येऊन पोट भरत नव्हतं, जंगल आणि जमीन गेली होती, आणि सावकाराच्या ओट्याखाली हात जोडून उभं राहणं रोजचं होतं.

पण एक गोष्ट या सिद्धांतवाल्यांनीही मान्य केलीय. ताण आला म्हणजे प्रत्येक जण गुन्हा करतोच असं नाही. पाठीशी कोणी आहे का, दुसरा मार्ग दिसतो का, यावर ते ठरतं. भाईंचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी बंदूक किंवा करवत हातात घेण्याच्या आधी धान्यकोठ्या काढल्या.

कोठीचं तत्त्व साधं आहे. सुगीत प्रत्येकाने थोडं थोडं भात एकत्र साठवायचं. पावसाळ्यात ज्याची कणगी रिकामी होईल त्याने सावकाराकडे न जाता कोठीतून न्यायचं आणि पीक आल्यावर परत करायचं. दिढी नाही, जमीन लिहून देणं नाही, ओट्याखाली उभं राहणं नाही. आपण डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवतो ना, तसं हे. भार तोच राहिला तरी खांब तुटू नये अशी सोय. त्याचबरोबर त्यांनी खेड्यापाड्यांत स्वयंसेवकांच्या जोरावर शाळा सुरू केल्या, कारण अंगठा कशावर उठवतोय हे कळल्याशिवाय सावकारी संपणार नव्हती. धान्य आणि अक्षर, दोन्हीकडून त्यांनी एकाच गाठीला हात घातला. सावकार-जमीनदारांना हे आवडलं नसणार, हे उघड आहे.

इथे याच जिल्ह्यातल्या आणखी एका माणसाची आठवण येते. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. पुण्यात सरकारी नोकरी करणारा हा माणूस. आई आजारी असताना रजा मिळाली नाही आणि तिची शेवटची भेट झाली नाही. पुढे १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. उपाशी मुलूख त्यांनी हिंडून पाहिला आणि १८७९ मध्ये रामोशांना जमवून दरोडे घालायला सुरुवात केली, पैसा उभारून राज्य उलथायचं म्हणून. पनवेलजवळच्या पळस्प्यालाही त्यांच्या टोळीने दरोडा घातला. पण उपाशी साथीदारांना लुटीत जास्त रस होता, ध्येयात कमी, याचं दुःख त्यांना झालं. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले, काळ्या पाण्याची शिक्षा होऊन एडनला गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. दोघांची तुलना करून कुणाला लहान-मोठं ठरवायचं नाही. पण फडक्यांना साथीदार मिळाले ते भुकेने फुटलेले. कोतवालांना मिळाले ते आधी कोठीभोवती एकत्र आलेले. हा फरक पुढे कामाला आला असं मला वाटतं.

१९४२ साल उजाडलं. युद्ध दाराशी आलेलं. मार्चमध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. भाव चढले, साठेबाजी सुरू झाली. जिथे आधीच आषाढात चूल पेटत नव्हती तिथे काय झालं असेल याची कल्पना करा. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे मोठे नेते तुरुंगात गेले. सरळ रस्ता बंद झाला म्हणतात तो असा. भाई भूमिगत झाले. त्यांच्याभोवती शेतकरी, आदिवासी आणि त्यांच्या शाळांतले मास्तर असे पन्नासेक जण जमले. मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा तरुण मुलगा हिराजी हेही त्यात होते. हा आझाद दस्ता.

त्यांनी निशाणा कसा निवडला हे आपल्या शाखेच्या मुलांनी नीट बघावं. घाटमाथ्यावर टाटांची धरणं. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचं पाणी नळांतून पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरतं. तिथलं वीजघर १९१५ साली सुरू झालं. ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला उतरतं, ते वीजघर १९२२ सालचं. म्हणजे खालापूर आणि कर्जत हे दोन तालुके त्या काळच्या मुंबईची बॅटरीच होते. तिथून निघालेल्या उच्च दाबाच्या तारांवर मुंबईच्या गिरण्या आणि लोकलगाड्या चालायच्या, आणि गिरण्यांतून युद्धाचा माल निघायचा. या तारा शेतांवरून, वाड्यांवरून जात होत्या, पण खाली बहुतेक घरांत रॉकेलची चिमणी. शेत आपलं, डोंगरावरचं पाणी आपलं आणि उजेड मुंबईचा. कुठल्याही शेतकऱ्याला विद्युत अभियांत्रिकी न शिकता कळेल असं हे गणित होतं.

पोलादी मनोरा चार पायांवर उभा असतो आणि दोन्ही बाजूंच्या तारांच्या ओढीने तोललेला असतो. त्याचे पाय अधू केले की तारांचा तोच ताण त्याला खाली ओढतो. एक मनोरा पडला तर अख्खी लाइन बंद, आणि जंगलात, पावसाळी चिखलात नवा उभा करायचा म्हणजे किती दिवस जातात ते मेंटेनन्सवाल्यांना विचारा. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत दस्त्याने असे अकरा मनोरे पाडले. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे यांना त्याचा जोरदार झटका बसला.

मी स्वतः उद्या कदाचित ट्रान्समिशन कंपनीत नोकरी करीन. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघड वाटतं हे खरं. गिरणी थांबली की मालकाबरोबर कामगाराचाही रोज बुडतो. पाडलेला मनोरा पुन्हा उभा करणाराही एक मजूरच असतो. आजही कुठे कुठे तारा आणि टॉवरचे अँगल चोरीला जातात, ते भंगारात विकण्यासाठी. बाहेरून बघितलं तर दोन्ही कृती सारख्याच, कायद्याचं कलमही जवळपास एकच. फरक कुठे आहे? मर्टनच्या भाषेत पहिला बंडखोर आणि दुसरा चिठ्ठीवाला. एकाला अख्खी व्यवस्था बदलायची होती आणि त्याची किंमत तो स्वतः मोजणार होता. दुसऱ्याला व्यवस्थेतलंच काही चोरवाटेने हवंय. पण एवढ्यावर थांबू नये. दुसऱ्यावरही काही भार असतो, तोही बघायला हवा. तो बघणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे.

सरकारने जादा पोलीस आणले. हॉल आणि स्टॅफर्ड हे अधिकारी नेमले, बक्षीस जाहीर केलं. गुन्हेगारांना आसरा देणाऱ्या गावांवर सामूहिक दंड बसवण्याचा वटहुकूमही त्याच साली निघाला होता. आता ताणाची परीक्षा वाड्यांची होती. एका बाजूला कधी न पाहिलेली बक्षिसाची रक्कम, दुसऱ्या बाजूला मार, दंड, तुरुंग. अशा वेळी माणूस कसा वागेल हे कुठलाच सिद्धांत आधी सांगू शकत नाही. ज्यांच्या घरात दोन वेळचं नव्हतं अशा कितीतरी ठाकर-कातकऱ्यांनी, शेतकऱ्यांनी भाईंना लपवलं, निरोप पोचवले, रानात भाकरी नेऊन दिली. आपण ज्यांना सहज चोर म्हणतो त्या वाड्यांनी महिनोन्‌महिने तोंड उघडलं नाही. पण सगळेच टिकले नाहीत, शेवटी खबर फुटली. ती कोणी फोडली यावर वेगवेगळ्या कथा ऐकू येतात, त्यात मला पडायचं नाही. भीती, हाव, जुना राग, यांपैकी काहीतरी त्याच्या मर्यादेपलीकडे गेलं असणार.

दस्ता तेव्हा मुरबाड तालुक्यात, भीमाशंकरच्या रांगेखालच्या सिद्धगडाच्या जंगलात होता. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे, थंडीत, उजाडायच्या बेताला पोलिसांनी वेढा दिला. गोळीबारात हिराजी पाटील पडला. भाई जखमी झाले आणि हॉलने त्यांना गोळी घालून ठार केलं. खटला नाही, न्यायाधीश नाही. स्वतः वकील असलेल्या माणसाला कोर्टाची पायरी मिळाली नाही. ज्या व्यवस्थेने त्यांना गुन्हेगार ठरवलं तिने शेवटी स्वतःचाच कायदा बाजूला ठेवला. ताण नुसता गरिबालाच वाकवतो असं नाही, खुर्चीवर बसलेल्यालाही वाकवतो. सत्ता घाबरली की तीही बेकायदा वागते.

इंग्रज सरकारकडे गुन्ह्याचा दुसरा एक सिद्धांत होता आणि तो त्यांनी १८७१ मध्ये कायदा करून राबवला. त्या कायद्यात अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. आपल्याकडच्या पारधी, कैकाडी अशा जमातींच्या बायकापोरांनासुद्धा हजेरी द्यावी लागे. १९५२ साली देशभर तो कायदा रद्द झाला. पण कायदा कागदावरून जातो, डोक्यातून जायला वेळ लागतो. याचं एक उदाहरण माझ्या पाहण्यातलं आहे. या भागातल्या एका होस्टेलवर मेसमध्ये ताटं धुवायला जवळच्या वाडीतला एक मुलगा यायचा, आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. एका रूममधून मोबाईल गेला. पहिलं नाव त्याचं निघालं. त्याची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली, त्यात एक डबा आणि शर्ट निघाला. मोबाईल सापडला नाही, कोणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगा दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. ज्या मजल्यावर सत्तर-ऐंशी मुलं राहतात, ज्यांतल्या काहींवर घरच्यांचं, क्लासचं, उधारीचं प्रेशर आहे, तिथे संशय फक्त एकावर जातो, कारण तो वाडीतला आहे. यात पुरावा कुठे होता? १८७१ चा कायदाच तिथे उभा होता.

मला हे जास्त लागतं त्याचं कारण माझं गाव. आमच्याकडे खावटीला उचल म्हणतात. ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी होतात आणि माणसं सहा-सहा महिने फडावर राहून ती उचल फेडतात. इकडे आलो आणि कळलं की रायगडातले कातकरीही पावसाळा संपला की अशीच आगाऊ रक्कम घेऊन वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला बायकापोरांसह बाहेर जातात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या जमिनीवर हक्क सांगण्याची वाटही मिळाली. पण आषाढातली रिकामी कणगी अजून पुरती इतिहासजमा झालेली नाही. फडावरून परतलेला कोणी दारू पिऊन बायकोला मारतो, कोणी मुकादमाला चुकवून पळून जातो, कोणी झाडाला दोर लावतो. पेपरात त्या तीन वेगळ्या बातम्या असतात, एक क्राइमच्या पानावर, दोन आतल्या पानावर. गावात बसून बघितलं तर तिन्हींच्या मागे एकच हिशेबाची वही असते.

म्हणूनच भाई कोतवालांची आठवण काढताना आपण फक्त सिद्धगडाची ती पहाट सांगतो, मनोरे सांगतो, आणि धान्यकोठी एका ओळीत उरकतो, हे मला बरोबर वाटत नाही. मनोरे पाडायला तीन महिने लागले. त्याआधी गावोगाव हिंडून लोकांचं भात एकत्र करायला, त्यांना एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकवायला कितीतरी जास्त काळ आणि चिकाटी लागली असणार. आजच्या काळात मनोरे पाडायची गरज नाही, ते उभे ठेवायचं काम आपलं आहे. पण कोठी उभारायचं काम तर कुणीही करू शकतो. होस्टेलवरच बघा ना. ज्याचा ड्रॉप लागलाय, ज्याचे मेसचे पैसे थकलेत, जो आठ दिवस खोलीबाहेर आलेला नाही, त्याला चिठ्ठीवाला किंवा पांघरुणवाला असं नाव ठेवायच्या आधी कोणी जाऊन त्याचा भार विचारला, नोट्स दिल्या, महिनाभर मेसचे पैसे मिळून भरले, तर तीही छोटी कोठीच.

दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक पहाटे जमतात आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना मानवंदना देतात. आपल्या होस्टेलचे ट्रेकवाले ढाक, भीमाशंकर, पेब सगळं पालथं घालतात, यंदा त्यांनी तो दिवस धरावा असं मला सुचवायचं आहे. कर्जतहून कशेळे, म्हसा करत नारिवलीपर्यंत जाता येतं. आदल्या रात्रीच निघावं लागेल आणि स्वेटर घ्या, जंगलात थंडी चांगलीच असते. वाटेत एखाद्या वाडीत पाणी प्यायला थांबाल, तेव्हा दोन मिनिटं ओट्यावर बसा आणि घरातला तांदूळ यंदा कुठल्या महिन्यापर्यंत पुरेल एवढं विचारा. कोतवालांची धान्यकोठी याच प्रश्नावर उभी होती.